पांढऱ्या पायाची गोलकीपर

मखमलाबादच्या मळ्यातल्या त्या घरापुढे कपडे वाळत घालायची एक तार होती. गेल्या जूनपासून साड्या, परकर आणि गोटीरामचे बनियन यांच्या रांगेत तिच्यावर एक नवाच ऐवज लटकू लागला होता. निळ्या रंगाचे, जाडजूड, माणसाच्या हाताच्या दीडपट हातमोजे. येणारीजाणारी बाई थांबायची आणि विचारायची, "काय गं प्रतिभा, हे कुणाचं?" मग प्रतिभा मान जराशी वर करून सांगायची, "आमच्या सूनबाईचे. गोलकीपर हाय ती कॉलेजात."

त्या सोमवारी सकाळी मोजे चिखलाने माखलेले होते. आदल्या दिवशी सामना झाला होता. प्रतिभाने ते धुतले आणि आतून लवकर वाळावेत म्हणून उलटे करायला घेतले, तर मनगटाच्या पट्टीत तिच्या बोटाला काहीतरी कडक लागलं. खडा असेल असं वाटून तिने नखाने शिवण उसवली. आत काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा होता, बाहेरून दिसू नये म्हणून बारीक टाके घालून शिवलेला.

बिब्बा तिला नवा नव्हता. तान्ह्या मुलाच्या पाळण्याला बांधतात, नव्या ट्रॅक्टरला बांधतात, दुभत्या म्हशीच्या गळ्यात बांधतात. पण तो सगळ्यांना दिसेल असा बांधतात. लपवून शिवलेला बिब्बा वेगळा. तो ज्याच्या अंगावर असतो त्याला वाचवायला नसतो, त्याच्यापासून बाकीच्यांना वाचवायला असतो.

प्रतिभाने तो पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला आणि आत गेली.

आत तिचा नवरा गोटीराम चहा पीत बसला होता. "काल किती गं, भाग्यश्री?"

"चार, पप्पा," सून भाकरी थापता थापता म्हणाली.

"त्याच्या आधी पाच होते. म्हंजे सुधारणा हाय की!"

भाग्यश्री हसली. तिच्याशेजारी बसून डबा भरणारी हर्षाली मात्र हसली नाही. ती या घरची लेक आणि संघाची कॅप्टन. एरवी बापाच्या असल्या चेष्टेला तिचं उत्तर तयार असायचं. आज तिने डब्याचं झाकण दाबून लावलं आणि म्हणाली, "वहिनी, उशीर होतोय. मी पुढे होते, तू मागून ये."

दोघी रोज एकाच स्कूटीवर जात. 'मागून ये' हे प्रतिभाच्या कानाला खटकलं.

साई, प्रतिभाचा मुलगा, जाऊन पावणेदोन वर्षं झाली होती. दिंडोरी रोडवर उसाच्या ट्रॉलीला मोटरसायकल मागून धडकली. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. दहाव्याला जमलेल्या बायकांत कुणीतरी हळूच तो शब्द काढला होता: "पोरगी पांढऱ्या पायाची निघाली." आणि ज्या बाईचा पोटचा मुलगा गेला होता तीच ताडकन उठून बसली होती. "माझ्या घरात हा शब्द बोलायचा नाय. ज्याला बोलायचा त्यानं उंबऱ्याबाहेर जावा."

तिला तो शब्द सोसत नसे, याला कारण होतं. तिच्या लहानपणी आजोळी चंद्रभागामावशी होती. लग्नाची गाणी तिच्याइतकी गोड कुणाला येत नसत. पण मांडवात तिने यायचं नाही, असा दंडक होता. ती मागच्या दाराशी रांजणाजवळ बसायची आणि भिंतीआडून गायची. मांडवातल्या बायका तिच्या आवाजावर फेर धरायच्या आणि पंगतीत तिचं पान वाढायला विसरायच्या. परकरातली प्रतिभा तिच्या मांडीवर बसून विचारायची, "मावशी, तू पुढं का नाय येत?" मावशी म्हणायची, "माझे पाय बरे नाहीत बाळा." किती तरी वर्षं प्रतिभाला वाटत होतं की मावशीला संधिवात आहे.

म्हणूनच तिने सुनेच्या हातातल्या बांगड्या फोडू दिल्या नाहीत, कपाळावरची टिकली काढू दिली नाही, आणि देवळ्याला माहेरी पाठवण्याऐवजी तिला हर्षालीबरोबर कॉलेजात घातलं. भाग्यश्री शाळेत असताना फुटबॉलच्या संघात गोलकीपर होती, हे कळल्यावर हर्षालीनेच तिला मैदानावर ओढलं. कॉलेज लहान, मुलींचा संघ तर कसाबसा अकराचा. संघातल्या सगळ्या पोरी तिला वहिनीच म्हणायच्या. मैदानावर "वहिनी, डावीकडे!" "वहिनी, सोडू नका!" अशी हाक गेली की समोरचा संघ पोट धरून हसायचा. आठ मार्चला कॉलेजने प्रतिभाला शाल-श्रीफळ दिलं, 'आदर्श सासू' म्हणून. ती शाल तिने अजून घडी मोडून वापरली नव्हती.

आणि आता हा बिब्बा.

दूध न्यायला लताबाई आली, तेव्हा प्रतिभाच्या मनात पहिला संशय तिचाच आला. लताबाई गोटीरामची थोरली बहीण, पलीकडच्याच मळ्यात राहणारी. तिच्या घरी दाराला, गाडीला, पाण्याच्या मोटरलासुद्धा बिब्बे लटकत.

"हरल्या म्हणं पुन्हा," लताबाई चरवी पुढे करत म्हणाली. "पोरी काय बोलत्यात ठावं हाय का तुला?"

"काय बोलत्यात?"

"मी कशाला सांगू? तू मला उंबऱ्याबाहेर काढशील."

प्रतिभाने पदराची गाठ सोडून बिब्बा तिच्यापुढे धरला. "वन्सं, हे तुमचं का?"

लताबाईने तो निरखून पाहिला आणि चक्क रागावली. "माझा? एवढा वाळका? आणि हे बघ, मी बांधला असता तर सांगून बांधला असता. चोरून शिवायला मी काय तुमच्यासारखी सुधारलेली हाय?"

तिचं बोलणं खरं वाटत होतं. पण तिच्यावरचा संशय गेला तसा तो दुसरीकडे जाऊन बसला. त्या दिवसापासून प्रतिभाला चैन पडेना. फुलबाजारात गेली तरी संघातल्या पोरींच्या आया दिसल्या की ती त्यांच्या डोळ्यांत बघायची. कलाबाई, जिची गोदा संघात फॉरवर्डला खेळायची, ती हल्ली भाग्यश्रीबरोबर लेकीला पाठवत नव्हती. का? किराणावाल्याची बायको भाग्यश्रीला पाहून दुकानात आत का गेली? एखादी बाई नुसती शिंकली तरी प्रतिभा तिच्याकडे वळून पाही.

गुरुवारी तिला राहवलं नाही. हर्षाली डबा विसरली, हे निमित्त झालं. डबा प्रतिभानेच ओट्याखाली सरकवला होता. ती रिक्षाने मैदानावर पोचली.

मैदान म्हणजे कॉलेजमागची उघडी जागा. एका बाजूला बाभळी, दुसऱ्या बाजूला कुणीतरी टाकलेली खडी. भाग्यश्री एकटीच वाकून डब्यातून पांढरी फक्की सोडत रेषा आखत होती. तिचे बूट घोट्यापर्यंत पांढरेफटक झाले होते. सासूला पाहून ती हसत उभी राहिली आणि एक पाय वर करून दाखवत म्हणाली, "बघा मम्मी, आता तर खरंच पांढरे झाले!"

जवळच्या दोन-तीन पोरी एकदम दुसरीकडे बघू लागल्या.

म्हणजे हिला ठाऊक होतं. "कोण म्हणालं तुला असं?" प्रतिभाने खालच्या आवाजात विचारलं.

"कोण म्हणालं नाही, ते विचारा."

"नाव सांग तू. मी बघते तिच्याकडं."

"राहू द्या मम्मी," असं म्हणून भाग्यश्री पुन्हा वाकली.

सराव सुरू झाला तेव्हा प्रतिभा बाभळीखाली बसून बघत राहिली. पोरी एकेक करून रेषा ओलांडून आत गेल्या. भाग्यश्री बाहेर थांबली. आधीच बांधलेली बुटाची नाडी तिने सोडली, पुन्हा बांधली. सगळ्या आत गेल्याची खात्री झाल्यावर ती वळसा घालून गोलच्या मागून आत शिरली. तिला कुणी काही म्हटलं नव्हतं. रोजचंच असावं, इतकं ते सवयीने झालं होतं.

खेळाच्या दिशामॅडम शिट्टी गळ्यात अडकवून जवळ आल्या. तीसेक वर्षांची, कंत्राटी नोकरीतली, मनाची चांगली बाई. "काकू, बरं झालं तुम्ही आलात. मी बोलणारच होते. खंडेनवमीला आमची दसऱ्याआधीची शेवटची मॅच आहे. त्या मॅचला मी गोलमध्ये दुसरी मुलगी उभी करतेय."

"का? भाग्यश्रीचं चुकतंय का काही?"

"तसं नाही. उलट तिच्यामुळेच चारवर थांबलं परवा. पण मुलींचं मन लागत नाही हो. मी असलं काही मानत नाही, काकू. पण टीम शेवटी मनावर चालते."

"मॅडम, आज सरावाला पोरी किती हायत?"

"सात."

"आणि बाकीच्या?"

"फुलं चालू आहेत ना. दसरा तोंडावर आलाय. परवा मॅचलासुद्धा आम्ही नऊच जणी होतो."

प्रतिभाने मनातल्या मनात हिशेब केला. अकराच्या ठिकाणी नऊ पोरी उतरवायच्या, त्यातल्या निम्म्या पहाटेपासून वाकून झेंडू तोडून आलेल्या, आणि हरल्यावर बघायचं गोलकीपरच्या पायाकडे! मॅडमना हे दिसत नव्हतं असं नाही. गेल्या वर्षी भाग्यश्री संघात नव्हती, तेव्हाही या पोरी प्रत्येक सामना हरल्याच होत्या, पण ते कुणाला आठवत नव्हतं. मुलांचा संघ तर यंदा सलग हरत होता. त्यांनी रेफ्रीला नावं ठेवली, खडीला ठेवली, स्वस्तातल्या बुटांना ठेवली. त्यातल्या कुणाच्या बायकोचे किंवा वहिनीचे पाय कुणी तपासले नव्हते.

परतताना तिचा संशय मॅडमवर होता. घरी पोचेपर्यंत तो कलाबाईवर गेला होता.

रविवारी मळ्यात तोडणी होती. झेंडू असा फुलला होता की बांधावरून बघितलं तर डोळ्यांपुढे पिवळं-केशरी तरळत राहावं. प्रतिभा सून म्हणून इथे आली तेव्हा याच शिवारात गुलाब असायचा आणि पहाटे त्याचा वास विहिरीपर्यंत यायचा. आता गुलाब प्लास्टिकच्या छपराखाली गेला आणि उघड्यावर झेंडू उरला. मदतीला संघातल्या चार पोरी आल्या होत्या. हर्षालीने बोलावलं होतं त्यांना. प्रतिभालाही ते हवंच होतं. आज ती एकेकीला पारखणार होती. कोण भाग्यश्रीच्या हातून पाणी घेत नाही, कोण तिच्या सरीत पाय टाकत नाही, ते बघणार होती.

पण पोरी आपल्या हसतखिदळत होत्या. गोदा तर भाग्यश्रीच्याच तांब्यातून पाणी प्यायली आणि उरलेलं तिच्याच अंगावर उडवलं. प्रतिभा बुचकळ्यात पडली.

"चला गं, ऊन व्हायच्या आत," ती म्हणाली आणि पाट्या वाटू लागली. भाग्यश्रीने पुढे होऊन वरच्या सरीच्या तोंडाशी ठेवलेली, हळदीचं बोट लावलेली पाटी उचलली. प्रतिभाने ती तिच्या हातातून अलगद काढून घेतली. "ही राहू दे. ही भवानीची हाय. तू खालच्या सरीपासून लाग."

भवानीची पाटी म्हणजे बाजारात सगळ्यांत आधी विकायची पाटी. तिच्यातलं पहिलं फूल सवाष्णीने तोडायचं, अशी या शिवारातली रीत. प्रतिभाच्या सासूने ती पाळली, तिच्या सासूने पाळली. त्यात कुणाला काही बोलायचं नसतं. नुसतं हात पुढे करायचा, पाटी घ्यायची आणि खालची सरी दाखवायची. भाग्यश्री नेहमीसारखी मान हलवून खाली निघाली.

गोदा खो खो हसली. "घ्या! म्हणजे इथंपण वहिनी शेवटीच!"

बोलून झाल्यावर तिला कळलं की कुणीच हसत नाही. तिने जीभ चावली आणि खाली वाकून भराभर फुलं खुडू लागली.

प्रतिभाच्या हातात ती पाटी तशीच राहिली. तिने हर्षालीकडे पाहिलं. हर्षाली आईकडेच बघत होती. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच प्रतिभाला सोसवलं नाही.

"हर्षे, इकडं ये जरा," ती म्हणाली आणि मोटरच्या खोलीमागे गेली.

पदराची गाठ सोडून तिने बिब्बा लेकीपुढे धरला. आता विचारायचीही गरज नव्हती, तरी तिने विचारलं. "तू शिवलास हा?"

"हो."

"तूच? तूच तिला टीममध्ये आणलंस ना गं? आणि तूच... कुणी शिकवलं तुला हे? लताआत्यानं? त्या कलाबाईनं?"

"तू."

"मी? माझ्या तोंडून तो शब्द कधी ऐकलास तू?"

"शब्द नाही ऐकला," हर्षाली म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण ती थांबली नाही. "गेल्या दसऱ्यालाही तू तिला खालच्या सरीला पाठवलंस. तिळगुळाला बायका आल्या तेव्हा तिला आत पोळ्या करायला बसवलंस. नव्या गाडीची पूजा झाली तेव्हा तिला दुकानात पाठवलंस, नारळ आणायला. नारळ घरात होता, आई. मला वाटलं, तुझ्यासारखी बाई असं करते म्हणजे त्यात काहीतरी असणार. मी मानत नाही गं. पण दादा गेला. मग पहिली मॅच हरलो, दुसरी हरलो. मला भीती वाटायला लागली. मैदानात सगळ्यांच्या आधी तिने पाय टाकू नये म्हणून मी तिला म्हटलं, वहिनी, तू मागून येत जा. एवढंच म्हटलं. बाकीच्या बघून शिकल्या."

प्रतिभा भिंतीला टेकली. लताबाई, कलाबाई, मॅडम, किराणावाल्याची बायको... साऱ्या गावावर तिने पाळत ठेवली होती. आपल्या हातावर तेवढी ठेवली नव्हती. चंद्रभागामावशीलाही कुणी कधी "मांडवात येऊ नकोस" असं म्हटलं नसेल. कुणीतरी अशीच प्रेमाने रांजणाशी बसायला चटई टाकून दिली असेल.

खालच्या सरीत भाग्यश्री मान खाली घालून तोडत होती. प्रतिभा तिच्यासमोर उकिडवी बसली. मग म्हणाली, "तुला कळत होतं?"

"कळत होतं, मम्मी."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही माझ्यासाठी अख्ख्या गावाशी भांडलात. त्यात मी सरी मागायची?" तिने मूठभर फुलं पाटीत टाकली. "दसरा झाला की मी देवळ्याला जाते म्हटलंय आईला. कॉलेज तिकडंही आहे. इथं राहिले तर हर्षालीताई रोज घाबरणार. ती घाबरलेली मला बघवत नाही."

प्रतिभाला तिचा हात धरावासा वाटला. पण याच हाताने आपण आता पाटी काढून घेतली, हे आठवून तिने तो मागे घेतला.

खंडेनवमीला उजाडताच ती बाहेर पडली. सगळ्या मळ्यांत तोडणीची घाई होती. वर्षातला सगळ्यांत मोठा बाजार त्या दिवशी भरायचा. ती आधी कलाबाईच्या बांधावर गेली.

"कलाबाई, तुमची गोदा आज सोडा मॅचला. तिच्या सरी मी तोडते."

"अगं बाई, येड लागलं का? तुझा माल पडलाय तिकडं!"

"घरचे बघतील. जमंल तेवढा तोडतील, राहील तो राहील."

"एवढं काय हाय त्या मॅचीत? हरायच्याच हायेत."

"हरू द्या. पण नऊ जणींनी नको, अकरा जणींनी हरू द्या."

कलाबाई तिच्याकडे संशयाने बघत राहिली. यात प्रतिभाचा काय डाव आहे, हेच तिला उमगेना. पण फुकट तोडायला आलेलं माणूस परत कोण पाठवतं? तिने गोदाला सोडलं. तिथून प्रतिभा आणखी एका मळ्यात गेली. तिथे तिला चांगलेच बोल बसले, पण पोरगी सुटली. दुपारी कंबर धरून ती मैदानावर पोचली तेव्हा तिच्या नखांत झेंडूचा काळा रस भरला होता.

खंडेनवमी म्हणून पोरींनी पूजा मांडली होती. एका बाकड्यावर चादर टाकून फुटबॉल, शिट्टी, औषधांचा डबा आणि बूट ओळीने ठेवले होते. शेजारी नव्या गोलकीपरचे लाल मोजे. निळे मोजे कुठे दिसत नव्हते. मग प्रतिभाला ते बाकड्याखालच्या पिशवीत कोंबलेले दिसले. भाग्यश्री दूर उभी राहून पाण्याच्या बाटल्या भरत होती. कलाबाईसकट चार-पाच आयाही येऊन बसल्या होत्या. त्या लेकी बघायला आल्या होत्या की प्रतिभाचा डाव, कोण जाणे.

"या काकू," दिशामॅडम हळदकुंकवाचं तबक पुढे करत म्हणाल्या. "तुम्ही सवाष्ण, सगळ्यांत मोठ्या. तुमच्याच हातून होऊ दे."

प्रतिभाने तबक घेतलं नाही.

"मॅडम, मी नाय करणार." अशा दहाजणांत बोलायची तिला सवय नव्हती. "माझ्या सुनेला गोलमधून काढलंत, का ते मला ठाऊक हाय. तुम्ही सगळ्या म्हणता आम्ही मानत नाय. मीबी तेच म्हणायचे. मला तर शाल दिलीत तुम्ही. पण गेला दसरा, हा दसरा, मी तिला पहिलं फूल तोडू दिलं नाय. माझ्या लेकीनं ते पाह्यलं, तुमच्या लेकींनी माझ्या लेकीचं पाह्यलं. तो शब्द मी घरात बोलू दिला नाय, पण माझा हात रोज बोलत व्हता." ती थांबली. मग वाकून बाकड्याखालची पिशवी तिने ओढून काढली आणि निळे मोजे चादरीवर ठेवले. "पूजा करायची तर भाग्यश्री करील. पहिलं कुंकू तिच्या हातचं."

सगळ्या भाग्यश्रीकडे बघू लागल्या. ती बाटलीचं झाकण लावून पुढे आली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"मम्मी, मला पूजा नको," ती म्हणाली. "काल शेवटी बसवलं, आज पहिली बसवाल. उद्या पुन्हा कुणाला तरी वाटेल ही पहिली होती म्हणून हरलो. मला पहिलं नको, शेवटचं नको. मला गोलमध्ये उभं राहायचंय. नीट अडवता येत नसेल तर काढा, मी बसते बाहेर. पायासाठी नका काढू."

मॅडमनी हर्षालीकडे पाहिलं.

हर्षालीने चादरीवरचे निळे मोजे उचलले. ते वहिनीच्या हातात देताना तिला रडू फुटलं आणि ती रडतच ओरडली, "घाल लवकर! रेफ्री बोलावतोय."

"आधी कुणी जायचं आत?" कुणीतरी सवयीने विचारलं.

"मला काय ठाऊक?" गोदा म्हणाली. "पळा!" आणि त्या अकराच्या अकरा एकमेकींना ढकलत, धडपडत, रेषेवरची फक्की उधळत आत घुसल्या. रेफ्रीने त्यांना शिस्तीवरून चांगलं झापलं.

सामना चांगला झाला. या हंगामात पहिल्यांदाच अकरा जणी असल्यामुळे पास पोचत होते. भाग्यश्रीने तीन गोल असे अडवले की पलीकडच्या बाकावरची माणसंही उभी राहिली. गोदाने एक गोल मारला आणि तिला स्वतःलाच तो खरा वाटेना. शेवटची काही मिनिटं एक-एक अशी बरोबरी होती. मग कोपऱ्यातून आलेला बॉल हर्षालीच्या खांद्याला लागून वळला आणि भाग्यश्रीच्या बोटांवरून जाळ्यात गेला.

"म्हटलं नव्हतं?" मागून कलाबाई पुटपुटली.

प्रतिभा ताडकन वळली. पण लगेच थबकली. कारण बॉल जाळ्यात शिरला त्या क्षणी, डोळ्याचं पातं लवायच्या आत, तिच्या स्वतःच्या मनातही तेच येऊन गेलं होतं. इतकं सगळं बोलून झाल्यावरही आलं होतं. तिने ते पाहिलं, घरात शिरलेल्या चोराकडे पाहावं तसं पाहिलं. तो किती जुना राहणारा आहे आणि आपल्या घरची किती दारं त्याला ठाऊक आहेत, हे तिला तेव्हा कळलं.

"हर्षालीच्या खांद्याला लागला बॉल, कलाबाई," ती शांतपणे म्हणाली. "माझ्या लेकीची चूक झाली. बाकी काय नाय." हे तिने कलाबाईला सांगितलं, आणि तितकंच स्वतःला.

संध्याकाळी पोरी आणि प्रतिभा टेंपोच्या हौद्यात बसून परत निघाल्या. हर्षाली गुडघ्यात डोकं घालून बसली होती आणि भाग्यश्री तिला कोपराने ढोसत होती. "अहो कॅप्टन, आपल्याच गोलमध्ये मारायची एवढी हौस होती तर आधी सांगायचं. मी बाजूला झाले असते." पोरी हसल्या. हर्षालीही नाक पुसत हसली.

तेवढ्यात भाग्यश्रीचा फोन वाजला. देवळ्याहून तिच्या आईचा होता. इंजिनाच्या आवाजात ती माहेरच्या बोलीत मोठ्याने बोलत होती. "हो माय, हरलो... दोन-एक... हो, तब्येत चांगली शे." मग ती ऐकत राहिली. पलीकडून काय विचारलं जातंय हे प्रतिभाला न ऐकता कळलं. ती ओठ घट्ट मिटून बसली. 'राहा' म्हणायचा हक्क आपण गमावला आहे, असं तिला वाटत होतं.

"नाही माय," भाग्यश्री म्हणाली. "उद्या दसऱ्याला नाही, नंतरही नाही. मंगळवारपासून सराव शे." मग पलीकडच्या कशावर तरी ती खळखळून हसली. "अगं, हरतो तर हरतो! अजून लई मॅची हरायच्या राहिल्यात मला."